डावीकडची इन्स्पेक्टरबाई

सत्तावीस आणि त्याची मुलगी यांची पहिली भेट एका हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर सकाळी साडेदहाला झाली, आणि त्या भेटीतून तो अजून पुरता सावरलेला नाही. नर्सने गाठोडं त्याच्या हातात दिलं. गाठोड्याने एक डोळा उघडला. त्या एका डोळ्यात शंभर तिकीट तपासनिसांचा संशय होता. बापाची खालून वर आणि वरून खाली अशी कसून पाहणी झाली. त्याने घाबरून खिसे चाचपले आणि ड्रायव्हरचा पास काढून चक्क तिच्यासमोर धरला, असं नर्स पुढे दोन महिने अख्ख्या वॉर्डला सांगत होती. पास बहुधा पसंत पडला नाही. कारण त्यानंतर जो टाहो फुटला, तो ऐकून खालच्या रस्त्यावरच्या गाड्यांनी अँब्युलन्स आली समजून वाट मोकळी केली. तेव्हापासून शाळेच्या हजेरीत तिचं नाव काहीही असो, घरात ती इन्स्पेक्टरबाई.

सत्तावीस हे काही त्याचंही खरं नाव नव्हे. चौदा वर्षं तो सत्तावीस नंबरची बस चालवत होता, आणि डेपोत माणसाला मार्गाचा नंबर चिकटला की सुटत नाही. दिवसाचे आठ तास सीटवर बसून त्याच्या अंगाने सीटचाच आकार घेतला होता. घरी सोफ्यावर टेकला तरी उजवा पाय आपला ब्रेक शोधायचा. बायको औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला, म्हणजे आठ तास उभी. एक बसून दमलेला, दुसरी उभी राहून दमलेली. संध्याकाळी दोघं एकमेकांकडे अशा नजरेने बघत, की यांना कुठेतरी पाहिलंय खरं, पण आता विचारायचं त्राण नाही.

अशात वर्षाची तपासणी आली आणि डेपोच्या डॉक्टरांनी रक्तदाबाचा पट्टा दोनदा आवळून पाहिला.

"व्यायाम काय करता?"

"आठ तास बस चालवतो, साहेब."

"बस चालते. तुम्ही बसता." डॉक्टरांनी चष्मा काढला. "तीन महिने देतो. हा आकडा खाली आला नाही तर मला तुम्हाला स्टिअरिंगवरून उठवावं लागेल. घरी मुलंबाळं?"

"एक मुलगी. नऊ वर्षांची."

"मग रोज अर्धा तास तिच्याशी खेळा. चांगला दम लागेल असं."

स्टिअरिंगवरून उठवलेली माणसं कुठे जातात हे डेपोत सगळ्यांना ठाऊक होतं. हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत. जाळीच्या आड, छत्र्यांच्या ढिगात. "तो छत्र्यांत गेला," असं म्हणताना लोक आपोआप आवाज खाली आणत. सत्तावीसला बस चालवण्यापलीकडे काही येत नव्हतं आणि काही यावंसंही वाटत नव्हतं. चढावर भरलेली गाडी उभ्या प्रवाशाचा तोल न जाऊ देता उचलायची, एवढी एकच कला त्याच्याजवळ होती, आणि ती छत्र्यांत काय कामाची?

डॉक्टरांची चिठ्ठी इन्स्पेक्टरबाईंनी ताब्यात घेतली. वेळ ठरली, साडेसहा ते सात. खेळ निवडायचा मान पहिल्या आठवड्यात बापाला मिळाला आणि त्याने अक्कल पणाला लावली. सोमवारी 'झोपलेला डोंगर', त्यात बाप आडवा आणि मुलगी चढणार. मंगळवारी 'ऑपरेशन', बाप पेशंट. बुधवारी 'बुडालेलं जहाज'.

गुरुवारी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाबा, तुझ्या सगळ्या खेळांत तू आडवाच कसा?"

"तो खेळाचा भाग असतो."

"काल तर घोरलास."

"बुडालेली जहाजं घोरतात. तुला समुद्रातलं काय कळतंय?"

"आजपासून लपाछपी," ती म्हणाली. "आणि राज्य तुझ्यावर."

इमारत चार मजली. लिफ्ट होती, पण इन्स्पेक्टरबाईंनी ती पहिल्याच दिवशी खेळातून बाद केली. पहिले पंधरा दिवस सत्तावीस दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभा राहायचा आणि खाली उतरणाऱ्या शेजाऱ्यांना मोठ्या अदबीने "आधी तुम्ही" म्हणायचा, म्हणजे तेवढाच श्वास घेता येई. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाईंनी एकदा विचारलं, "काय हो, कोणाला शोधताय?"

"मुलीला."

"ती काय तुमच्या शेजारी उभी आहे."

खरंच होती. डाव्या हाताला, भिंतीला टेकून, हातभर अंतरावर.

इन्स्पेक्टरबाई भयंकर संतापल्या. "तू मुद्दाम करतोस. मला असं खोटं जिंकायला नाही आवडत."

"नाही गं. खरंच नाही दिसलीस."

"मी इतकी मोठी आहे आणि दिसले नाही?"

असं पुढेही चार-पाचदा झालं. कधी मीटरच्या खोक्याशी, कधी सायकलींच्या रांगेत. बायको म्हणाली, "बरा नाटकी आहेस की. पोरीचं मन राखायला एवढं सोंग?" बायकोकडून कौतुक ही वस्तू घरात इतकी दुर्मीळ होती, की त्याने ते गुपचूप खिशात घातलं. आपण दमलेले असतो, दमलेल्या माणसाला कमी दिसतं, अशी त्याने स्वतःची समजूत काढली. डेपोच्या फाटकाला त्याचा डावा आरसा वर्षभरात दोनदा घासला होता, पण ते फाटक अरुंद होतं.

दोन महिन्यांनी शर्ट सैल झाले. कठडा सुटला. एका रविवारी बायकोही खेळायला उतरली आणि अशी काही लपली, की बापलेकींनी पाऊण तास इमारत पालथी घातली. शेवटी ती पाण्याच्या टाकीमागे सापडली, पाय पसरून, गाढ झोपलेली. जागी झाल्यावर म्हणाली, "खेळ चांगलाय हा. उद्या पण खेळू."

त्या रात्री जेवताना सत्तावीसच्या लक्षात आलं, की आपले गुडघे दुखताहेत, पोटऱ्या दुखताहेत, आणि तरीही चौदा वर्षांत पहिल्यांदाच या दमण्याचा कंटाळा आलेला नाही.

तीन महिने झाले. डॉक्टरांनी पट्टा आवळला, सोडला, पुन्हा आवळला. "शाबास. काय केलंत?"

"लपाछपी, साहेब."

डॉक्टर हसले आणि कागदावर सही करणार तेवढ्यात थांबले. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी डोळ्यांचं एक नवीन यंत्र आलं होतं, तेवढं उरकून घ्या म्हणाले. हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्याकडे बघायचं, बाजूला दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. सत्तावीसने उजवीकडचे दिवे टिपले. मग बराच वेळ बटणावर अंगठा ठेवून वाट पाहत बसला.

"डावी बाजू कधी सुरू करणार?" त्याने विचारलं.

"ती झाली," मशीनवाली बाई म्हणाली.

संध्याकाळी इन्स्पेक्टरबाई जिन्यातच उभ्या होत्या. "पास?"

"रक्तदाब पास." तो पायरीवर बसला आणि राहिलेलं सगळं सांगितलं.

ती त्याच्या डाव्या बाजूला पायरीवर बसली. मग म्हणाली, "म्हणजे तू मुद्दाम हरत नव्हतास."

"नव्हतो."

"मग मी खरंच जिंकले?"

"एकूण एक डाव."

जिंकल्याचा आनंद काही तिच्या चेहऱ्यावर दिसेना. ती उठली, त्याच्यापुढून वळसा घालून उजव्या बाजूला येऊन बसली. "चल, बाबा. साडेसहा वाजले."

"आज नको गं. आज फार दमलोय."

"अर्धाच तास," ती म्हणाली. तो कठडा धरून उठला.

डोळ्यांतल्या त्या दुखण्याला काचबिंदू म्हणतात. दिवसातून दोनदा थेंब घालायचे. आहे ते टिकतं, गेलेलं परत येत नाही. सत्तावीस आता हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसतो. छत्र्या सगळ्यांत जास्त येतात. बसवर तिशीतला नवा ड्रायव्हर आलाय, आणि डेपोत सत्तावीस म्हणतात ते त्याला.