वासंतीताई एकदाच विचारतात

वासंतीताई कानडे चोवीस वर्षं प्रयोगशाळेत पेशी वाढवत होत्या. नोकरी टेक्निशियनची, पण दरारा हेडमास्तरणीचा. कोणत्या डब्यात कोणाच्या पेशी गोठवून ठेवल्यात, हे संगणकाआधी त्यांना ठाऊक असे. आणि त्यांचा एक नियम होता: शहाण्याला एकदाच विचारायचं.

चैताली पीएचडीला नवीनच आली होती. पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया बिघडले की पेशी ते कसे ओळखते आणि पचवून टाकते, हा तिचा विषय. तिनं पेशींची कुपी उचलली, तेव्हा ताईंनी विचारलं, "हीच हवी ना? नक्की?"

"हो ताई, मी सगळं वाचलंय."

"छान," ताई म्हणाल्या. विषय संपला.

चैतालीनं पेशी वाढवल्या, औषध घालून त्यांचे मायटोकाँड्रिया बिघडवले आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं. सगळे जिथल्या तिथे! मग तिनं औषधाचं प्रमाण बदललं, वेळ बदलली, स्वतःची झोपही कमी केली. तीन आठवडे गेले, मायटोकाँड्रिया काही हलेनात. ताई आपल्या मजेत होत्या. पण एका सोमवारी पोरगी बेसिनपाशी डोळे पुसताना दिसली आणि ताईंच्या घशाखाली पोहे उतरेनात.

"चैताली, आपण सगळं वाचलंय म्हणालात. कुपीवरची चिठ्ठी वाचलीत का?"

"हेला पेशी. सगळ्या प्रयोगशाळांत वापरतात त्या साध्या."

"साध्याच ना? मग त्यांच्यात पार्किन कुठून येणार? बिघडलेल्या मायटोकाँड्रियावर 'हा काढा' अशी खूण चढवतं ना ते प्रथिन? खूण करणारंच कोणी नाही, तर उचलणार कोण? तुमच्या आधीच्या विद्यार्थिनीनं, शेफालीनं, हिरवं चमकणारं पार्किन घालून पेशी तयार केल्या होत्या. जाताना ठेवून गेलीय. तिसरा कप्पा."

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"मी विचारलं होतं."

"एकदाच!"

ताईंच्या नियमात खोट काढणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं. "बरं, चुकलं माझं," त्या म्हणाल्या. पण चैतालीकडे नव्हे, इन्क्युबेटरकडे बघून.

शेफालीच्या पेशी आठवड्याभरात वाढल्या. औषध घातल्यावर तासाभरातच लाल रंगवलेल्या मायटोकाँड्रियाभोवती हिरवं पार्किन गोळा झालं. दुसऱ्या दिवशी कित्येक पेशींत लाल रंग औषधालाही उरला नव्हता. चैतालीनं ताईंना हाताला धरून पडद्यासमोर बसवलं. चोवीस वर्षं ताई पेशी वाढवून हवाली करत आल्या होत्या. पुढं त्या पेशींचं काय होतं, ते बघायला कोणी बोलावलं नव्हतं.

"एवढंच?" ताई म्हणाल्या.

पण स्टुलावरून काही उठल्या नाहीत. कर्वेनगरची नेहमीची बस निघून गेली, त्यानंतरचीही गेली.

"आज उशीर?" घरी त्यांच्या यजमानांनी, दीनानाथांनी विचारलं.

"एका शहाणीला पेशी दाखवत होते," ताई म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.