स्पिरिटची बाटली अन् खालाचा डबा

थांबा, बाकीचं नंतर वाचा, आधी हे. आत्ता टाईप केलं न्हाई तर परत हिंमत व्हायची न्हाई. दोन वर्षं झाली, हे मी कोणालाच सांगितलं न्हाई — घरी न्हाई, मैत्रिणींना न्हाई, कोणालाच न्हाई.

परवा ट्रेकच्या ग्रुपवर मी माझ्या स्टोव्हचे जुने फोटो टाकले. त्यात ती निळी बाटली आहे, स्पिरिट भरून न्यायची. वसमतच्या एका ताईनं ओळखली. म्हणाली, ही तर फवारणीच्या औषधाची बाटली, आमच्या बांधावर अशा कितीतरी पडल्यात, मी पण एक घासून ठेवली, रविवारी नेते.

ताई, नेऊ नका. भोक पाडा तिला. काहून, ते सांगते.

तेव्हा मला डोंगर चढायचं नवंनवं याड लागलं होतं. स्टोव्ह मीच केला — कोल्ड्रिंकचा डबा कापून. वजन काहीच न्हाई, चमचाभर स्पिरिटात चहा उकळतो. अडचण स्पिरिट न्यायची होती. पाण्याच्या बाटलीत नेलं तर कोणी पिऊन टाकायची भीती. धातूची, परत परत भरता येईल अशी बाटली शहरातल्या दुकानात मिळते, आमच्या कळमनुरीत कुठून? अन् बापूच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या, कापसात ही औषधाची रिकामी बाटली पडलेली दिसली. अॅल्युमिनियमची, हलकी, घट्ट झाकणाची. बापू अशा बाटल्यांना भोकं पाडून पुरतो. ही राहिली होती.

मी ती सोड्यानं धुतली, साबणानं धुतली, आतून रेती घालून हलवली. तीनदा. लेबल खरवडलं, निळा रंग दिला. झाकणात सायकलच्या ट्यूबचं वायसर कापून बसवलं. अन् मैत्रिणींना सांगितलं — पुण्याहून मागवली.

मैत्रिणी दोनच, पूजा अन् नसरीन. पूजा म्हणाली, "लग्नात रुखवतावर ठेव ही." मी म्हणाले, एक थेंब गळला तर नाव बदलते.

औंढ्याच्या डोंगरात गेलो, दिवसभरासाठी. नसरीनच्या आईनं — मी त्यांना खाला म्हणते — अंड्याची भाजी अन् आठ रोट्या दिल्या होत्या, फडक्यात बांधून. डबा माझ्या बॅगेत. बाटली पण माझ्याच बॅगेत.

वर पोचल्यावर बॅग उघडली अन् स्पिरिटचा वास आला. वायसर फुगून सरकलं होतं. फडक्याचा खालचा भाग ओला. त्या दोघी लाकडं-बिकडं न्हाई लागत म्हणून खुशीत फोटो काढून राहिल्या होत्या. मी रोट्या दगडावर उन्हात पसरल्या. थोड्या वेळात वास गेला, तशाच परत एकावर एक रचल्या. मला वाटलं, झालं.

स्पिरिट उडतं. बाटलीतून त्यात उतरलेलं औषध उडत न्हाई. हे शेतकऱ्याच्या पोरीला कोणी शिकवावं लागतं का?

जेवलो. बस स्टँडवर पोचेपर्यंत पूजाला मळमळ, मग उलट्या, मग घाम असा की कपडे चिंब. तोंडातून लाळ गळून राहिली. नसरीनला पण उलट्या, पण कमी. दोघींना दवाखान्यात नेलं. डॉक्टर साहेबांनी पूजाचे डोळे बघितले अन् मला बाजूला घेतलं. फवारणीचे दिवस होते, आमच्याकडचा कोणताही डॉक्टर तेच विचारणार.

"औषधाशी काही संबंध आला का? डबा, बाटली, काही हाताळलं?"

मी म्हणाले, "न्हाई सर. अंड्याची भाजी खाल्ली, ती खराब असंल."

बाटली माझ्या पाठीवरच्या बॅगेत होती.

त्यांनी परत विचारलं. मी परत तेच म्हणाले. त्यांनी माझ्यावर विसंबून न राहता इलाज केला असावा, कारण पूजा वाचली. दोन दिवस सलाईन. त्या दोन दिवसांत मला सांगता आलं असतं — कितीदा तरी. मी गेले, खुर्चीवर बसले, मोसंबी सोलून दिली अन् आले.

अजून एक राहिलंय. इथंच थांबायचं होतं खरं तर.

मला काहीच झालं न्हाई. सगळ्यांनी विचारलं, तुला कसं काय झालं न्हाई? मी म्हणाले, मी भाजी कमी खाल्ली. खोटं. मी वरच्या दोन रोट्या घेतल्या होत्या, कोरड्या. खालच्या ओल्या झालेल्या पूजाच्या ताटात वाढल्या. मला माहीत नव्हतं असं म्हणू? मग माझा हात वरच काहून गेला?

पूजाची आई दवाखान्यात सगळ्यांसमोर खालाला बोलली, नको ते बोलली. खाला ऐकून राहिली. आता नसरीनच्या घरी कोणी गेलं तर खाला हातचं काही देत न्हाई. बिस्किटाचा पुडा आणते, तो पण तुमच्यासमोर फोडते.

त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात खालानं माझा हात धरला. "बेटी, अंडे ताजे थे, कसम से. फिर भी मेरे हात से कुछ हुआ होंगा. तू माफ कर दे."

मी म्हणाले, जाऊ द्या खाला, होतं असं.

म्हणजे मी तिला माफ केलं.

खालाला अजून सांगितलं न्हाई. ती मोबाईल वाचत न्हाई, म्हणून इथं लिहिणं सोपं गेलं — हे पण लिहूनच टाकते. तुमच्यापैकी कोणाला असं झालंय का, की ज्याचं नाव तुमी खराब केलं तोच तुमची माफी मागून राहिला, अन् तुमी ती घेतली?