मौनीबाईंची चूक

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे मौनीबाई म्हणायचे आणि ते त्यांना माहीत होतं. कामच तसं होतं त्यांचं. नवी वेबसाइट खुली होण्याआधी पाच साध्या माणसांना एकेक करून कॉम्प्युटरसमोर बसवायचं, एक काम सांगायचं आणि शेजारी बसून ती कुठे अडतात ते बघायचं. फक्त बघायचं. माणूस घामाघूम झाला तरी सांगायचं नाही. त्याने विचारलंच, तर उलट त्यालाच विचारायचं, "तुम्हाला काय वाटतं?"

बाई आधी शाळेत शिकवायच्या. अडलेल्या पोराला पुढचा शब्द पुरवायची त्यांची खोड मोडायला दोन वर्षं लागली. मग ती अशी मोडली, की घरी लेकीने गणित विचारलं तरी तोंडातून तेच वाक्य निघायचं आणि लेक वही आपटून बापाकडे जायची. अकरा वर्षांत बाईंनी चाचणीत एकाही माणसाला मदत केली नव्हती. आमच्या धंद्यात ही स्तुती असते.

मी काचेपलीकडच्या खोलीत बसून नोंदी करायचे. त्या दिवशी चाचणी होती इस्पितळाच्या पानाची, डायलिसिसची वेळ बदलण्याच्या. सोमवारपासून फोनवर वेळ बदलून मिळणं बंद होणार होतं. जे करायचं ते या पानावर. पानातली मेख बाईंनी आधीच हेरली होती. नवी तारीख निवडली की हिरवी खूण यायची आणि काम झालं असं वाटायचं. खरं तर वेळ पक्की करायचं बटण खाली, पडद्याबाहेर दडलेलं. ते दाबलं नाही तर वेळ नोंदलीच जात नव्हती. म्हणजे पेशंट घेऊन इस्पितळात पोचावं, तर मशीनवर दुसराच कोणी. साहेब म्हणाले, तुमच्या वाटण्यावर पान थांबवता येणार नाही, पाचातले तीन अडले तरच थांबवू.

चार जण होईपर्यंत दोन अडले होते, दोन निभावले होते. सगळं पाचव्यावर आलं.

पाचवे होते एक म्हातारे शिंपी. त्यांची बायको एक दिवसाआड मशीनवर असायची आणि तिच्या वेळा हेच सांभाळायचे. त्यांनी चष्मा पुसला, तारीख शोधली, निवडली. हिरवी खूण आली. त्यांनी हात मांडीवर घेतले आणि बाईंकडे बघितलं.

"झालं ना?"

"तुम्हाला काय वाटतं?"

म्हाताऱ्यांचा चेहरा पडला. आपलं काहीतरी चुकलं, असं त्यांना वाटलं असावं. "हिला नेलं आणि मशीनच नसलं, तर..." एवढंच म्हणाले.

तेवढ्यात बाईंची नजर पडद्याच्या खालच्या कडेला गेली. क्षणभरच. पण आयुष्यभर गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून कापड पसंत आहे की नाही ते ओळखणारा माणूस तो. त्यांनी पान खाली सरकवलं, बटण दाबलं आणि लहान मुलासारखे हसले.

मी ते बघितलं होतं. तरी लिहिलं, "मदत नाही." का लिहिलं? बाईंच्या अकरा वर्षांसाठी, असं मी स्वतःला सांगते. खरं कारण, साहेब माझ्या खुर्चीमागेच उभे होते आणि मी घाबरट आहे.

साहेबांनी हुश्श केलं. तेवढ्यात बाई आत आल्या. म्हणाल्या, "हे धरू नका. मी त्यांना बटण दाखवलं. डोळ्यांनी."

साहेबांनी माझ्या नोंदी वाचून दाखवल्या. मग हळूच म्हणाले, की झाकली मूठ सव्वा लाखाची असते, उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला. बाई माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्याचीच मला लाज वाटली. मी म्हटलं, "मी बघितलं होतं. नोंद खोटी आहे."

साहेब संतापले. ते आजोबा अजून खाली चहा घेताहेत, म्हणाले, आणा परत वर. एकदा सगळं बघून झालंय त्यांचं, आता तर जमेलच. बाई काचेमागे थांबतील, शेजारी तू बस. जमलं तर पान सोमवारी सुरू, आणि मग मला कोणी काही सांगायचं नाही.

बाईंनी हरकत घेतली नाही. बघितलेलं काम पुन्हा करायला लावणं ही चाचणीच नव्हे, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्या गेल्या आणि काचेमागे उभ्या राहिल्या.

आजोबा खुशीत आले. परवाची तारीख त्यांनी पटकन निवडली. हिरवी खूण आली. हात मांडीवर गेले. मग ते थबकले. मघाशी आणखी काहीतरी दाबलं होतं, असं पुटपुटले. वर शोधलं, बाजूला शोधलं, हिरव्या खुणेवरच दोनदा दाबून बघितलं. शेवटी माझ्याकडे वळले. मी माझ्या चपलांकडे बघत राहिले. अकरा वर्षं बाईंनी हे कसं केलं, देव जाणे.

मग त्यांनी चष्मा काढला आणि अगदी अजिजीने म्हणाले, "ताई, मघाच्या त्या बाईंना जरा बोलवता का? त्या शेजारी असल्या की जमतं मला."

मी लिहिलं, "अडले." पान सोमवारी सुरू झालं नाही.