हातावरचं दही

पेनांगच्या बंदराला आमचं क्रूझचं जहाज लागलं, तेव्हा उतरायची रांग माझ्या आईने अडवून धरली होती. नाश्त्याच्या टेबलावरून तिने वाटीभर दही उचलून आणलं होतं आणि माझ्या नवऱ्याच्या, माझ्या आणि बाबांच्या तळहातावर ती चमचा चमचा ठेवत होती. बाहेर पडताना दही घेतलं की माणूस सुखरूप परत येतो, हा तिचा नियम. मागचे लोक ताटकळले होते. मी वैतागून म्हणाले, "अगं, संध्याकाळी परत इथेच यायचंय!" बाबांनी मात्र निमूटपणे दही चाटलं आणि रुमालाला हात पुसला.

शहरात नुसता घाम. जुन्या दुकानांच्या सावलीतून चालताना बाबांना जायफळं दिसली. श्रीखंडासाठी म्हणून त्यांनी खिसा भरून घेतली. संध्याकाळी सगळे जहाजावर परतलो. सहल संपल्यावर आईबाबा पुण्याला गेले, आम्ही दोघं इकडे परदेशातल्या आमच्या घरी, डीमनला. निघताना बाबांनी थोडी जायफळं माझ्या पर्समध्ये कोंबली.

काही महिन्यांतच सगळं जग बंद झालं. विमानंही बंद. खिडकीखालून रिकाम्या ट्राम जायच्या. अशाच एका दुपारी आईचा फोन आला. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसं बाबांना अ‍ॅम्ब्युलन्समधून घेऊन गेली होती.

बाबा परत आले नाहीत.

आई त्या दिवसाबद्दल फारसं बोलत नाही. फोनवर कधीतरी मध्येच थांबते आणि म्हणते, "मला जवळ जाऊ दिलं नाही गं. दह्याची वाटी हातातच राहिली."