ओटीपी मेंढरांमागं

नवी पेठेत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. फॉर्म भरण्यात माझा हात धरणारं इथं कुणी नाही. हे मीच सांगते, दुसरं कोण सांगणार?

गेल्या वर्षी एक मेंढपाळाची मुलगी आली. नर्सिंगला नुकतीच लागलेली. वसतिगृहाच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. खोली मिळाली नाही तर शिक्षण सोडून पुन्हा मेंढरांमागं, एवढं सरळ गणित.

‘घर क्रमांक’पुढं लाल चांदणी, म्हणजे भरायलाच हवं. पाल टाकून राहणाऱ्यांना कसला आलाय क्रमांक! शून्य टाकलं तर फॉर्म नाही म्हणाला, एक टाकल्यावर गप्प बसला.

मग आला ओटीपी. नोंदणीला नंबर दिलेला तिच्या वडिलांचा. घरात फोन एकच आणि तो मेंढरांबरोबर. वडील इथून तासाभरावर, मोहोळच्या पुढं एका शेतकऱ्याच्या रानात कळप बसवायला गेलेले. लेंडीखतासाठी तो दरवर्षी बोलावतो. फोन लागेना. म्हटलं, नंबर बदलू. तर काय, त्याचाही ओटीपी जुन्याच नंबरवर!

“कुठल्या दीडशहाण्यानं बनवलंय हे?” मी ओरडले. “कपाटाची किल्ली कपाटातच ठेवलीय की!”

पोरगी रडायला लागली. मी शटर ओढलं, तिला स्कूटीवर मागं बसवलं आणि थेट मोहोळ गाठलं.

रानात रेंज नव्हती. तिघंही कालव्याच्या भरावावर चढलो. मी माझ्या मोबाइलवर अर्ज उघडून पुन्हा ओटीपी मागवला. वडिलांनी फोन उंच धरला. टिंग! आकडे टाकले, अर्ज गेला.

“झालं व्हय?” वडील म्हणाले.

“झालं!” मी एवढ्या मोठ्यांदा ओरडले की मेंढरं बिचकली.

खोली मिळाली. यंदा नव्यानं नोंदणी करायची होती, तेव्हा पोरगी हातात स्वतःचा फोन घेऊन आली.

“बरं झालं बाई. आता तुझाच नंबर टाकू. पुन्हा ती वरात नको.”

“नको ताई, आबांचाच राहू द्या.”

“का गं?”

“त्यांना वाचता येत न्हाय. पण मेसेज वाजला की सगळ्यांना सांगतात, पोरगी शिकतीय.”

आबांचा नंबर टाकला आणि स्कूटीची किल्ली हातात घेतली.