पोळपाटावरचा रेडिओ

बेचाळीसच्या चळवळीच्या दिवसांत सांगलीत मी बायकोच्या जुन्या पोळपाटावर खिळे ठोकून, परवाना नसताना, व्हॉल्व्हचा रेडिओ जुळवत होतो. कुंडलचा एक ओळखीचा माणूस हल्ली वरचेवर यायचा. पोलिसांनी त्याला माझ्या पाळतीवर ठेवलंय, असा मला संशय होता.

“ह्यातनं बोलताबी येतं का रं?” एका दुपारी त्यानं विचारलं.

“नुसतं ऐकू येतं,” म्हणत मी वीज बंद केली. तो लगेच पोळपाटावर वाकला.

“हात लावू नकोस. कंडेन्सरमध्ये अजून वीज साठलेली आहे.”

“बटण तर बंद केलंस की. काय लपवतोस गड्या?”

धक्का छातीतून जाऊ नये म्हणून मी एक हात पाठीमागे धरला आणि लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरनं कंडेन्सरची दोन्ही टोकं जोडली. फटकन निळी ठिणगी उडाली. तो मागं सरकत भिंतीला टेकला.

तिथूनच तो म्हणाला, “माझा भाऊ भूमिगत हाय. तू दार लावून यंत्रं जोडतोस, तवा पोलिसांचा माणूस हाईस का, ते बघाय येत हुतो.”

मी त्याला चहा दिला. पण हेही पोलिसांनीच पढवलेलं असेल, ही शंका काही गेली नाही. तो वळणापलीकडे जाताच मी रेडिओ सुटा करून पोळपाटावरचे सगळे खिळे उपटले.