आईच्या खोलीतलं दुसरं ताट

आईचं वजन बेचाळीस किलोवरून अडतीसवर आलं तेव्हा म्हैसूरच्या वृद्धाश्रमातल्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. पुढच्या तपासणीपर्यंत खाणं सुधारलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, म्हणाले. आईला हल्ली फारसं काही आठवत नाही, पण दात शाबूत आहेत, गिळायला त्रास नाही. आणि रविवारी मी गेलो की माझ्या हातून ती ताटभर जेवते. मग बाकीच्या दुपारी तिचं काय बिनसतं, हे माझ्या डोक्यात शिरेना.

एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, ही माझी रीत. आधी भात मऊ करायला सांगितला. मग सारू, म्हणजे इथलं रसम, कमी तिखट. मग अग्रहार भागातल्या आमच्या घरून तिचं नेहमीचं ताट नेऊन दिलं. फरक शून्य. बायको म्हणाली, "अहो, आई आहेत त्या, मिक्सर नाही. एकेक पार्ट काय बदलून बघताय?"

राहता राहिली तिला भरवणारी बाई. चाळिशीची, रोज सकाळी बन्नूरहून बसने येणारी. घाईघाईने उरकत असेल, असं मला वाटलं. म्हणून एका बुधवारी रजा टाकली आणि दुपारी खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहिलो.

तिचं काहीच चुकत नव्हतं. त्या सगळ्यांना तिथे वागण्याबोलण्याचं शिक्षण दिलेलं आहे. ती समोरून आली, स्टूल ओढून आईच्या डोळ्यांसमोर डोळे येतील अशी बसली, हाताला हात लावला. "अज्जी, भात आणलाय, सारू आणलंय. आधी काय देऊ?" आणि थांबली. इतकं थांबणं मला जमलं नसतं.

आईने तिच्याकडे नीट पाहिलं. "ऊट आय्ता?"

जेवलीस का. म्हैसुरात हे रस्त्यात भेटलेल्या माणसालाही विचारतात. उत्तराकडे कुणाचं लक्ष नसतं.

"इन्नू इल्ला, अज्जी," ती म्हणाली. अजून नाही.

"मग मला बेड," आई म्हणाली. नको. आणि ताट तिच्याकडे सरकवलं.

बाईने आग्रह केला नाही. थोड्या वेळाने परत आली. पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर, तेच बेड. ताट तसंच परत गेलं.

मला तेव्हाही काही कळलं नाही. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, की रविवारी आई मलाही हेच विचारते, मराठीत. मी म्हणतो, "हो, जेवूनच आलो." मग ती तोंड उघडते.

बाईला गाठून विचारलं, "रोज हेच चालतं?"

"रोज, सार."

"आणि तू रोज नाही म्हणतेस?"

"मग काय म्हणू? आमचं जेवण या सगळ्यांचं झाल्यावर."

आमच्या घरी आलेलं माणूस उपाशी असताना आई कधी पानावर बसली नाही. पण ते आता तिच्यात उरलंय, की मला हवं ते मी तिच्यात शोधतोय? खात्री वाटेना. सुपरवायझर बाईंना सांगितलं. त्या तिला म्हणाल्या, "सोप्पं आहे. आय्तु, झालं म्हणायचं नि भरवायचं."

"खोटं बोलू, मॅडम? या लोकांना फसवायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. एका बाजूला एवढंसं खोटं, दुसऱ्या बाजूला नळी. शेवटी म्हटलं, "ही आईबरोबरच जेवली तर?"

"खोलीत स्टाफने जेवायचं नसतं." सुपरवायझर बाईंनी नियम सांगितला. मग म्हणाल्या, "उद्या करून बघा. डॉक्टर ओरडले तर तुमचं नाव सांगणार."

दुसऱ्या दिवशी दोन ताटं आली.

"ऊट आय्ता?"

"आत्ता जेवते, अज्जी. तुमच्याबरोबर." तिने घास घेतला. आईने तो गिळलेला पाहिला, दुसराही पाहिला, आणि मग स्वतः भातात हात घातला. मध्येच मला मराठीत म्हणाली, "तिच्या भातावर तूप नाही. नुसता बसून काय राहिलास? वाढ."

स्वयंपाकघरातून चमचाभर तूप मागून आणलं, तोवर आईचं अर्धं ताट संपलं होतं.

मला एकदाचं पक्कं करून घ्यायचं होतं. "आई, ही कोण, सांग बघू?"

आई तिच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. कपाळाला आठ्या पडल्या. "मला काय विचारतोस? तूच आणलीस ना हिला जेवायला?"

पुढच्या तपासणीला वजन एकोणचाळीसच्या वर गेलं होतं. नळीचा विषय निघाला नाही. डॉक्टरांनी विचारलं, नेमकं काय बदललंत? मी सांगायला लागलो आणि मध्येच अडखळलो. ती बाई आईला पाहुणी वाटते, सून वाटते, की शेजारीण, ते मला आजही माहीत नाही.

"ताटं दोन केली," एवढंच म्हटलं.